फेरी जिथं संपते

पहिलं घर

शांतवनकाकांचं. ते चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, म्हणून फेरी त्यांच्याकडून निघते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाळ येशूची मूर्ती टोपलीत घेऊन आम्ही वस्तीत घरोघर गातो. घरातलं प्रत्येक माणूस बाळाच्या पायाचा मुका घेतं. ज्या घरी फेरी संपते, तिथं सगळे जेवतात. तो मान.

यंदा, अठ्ठ्याण्णव साली, तो मान आमचा.

शेवटचं घर, सकाळी

"ज्योत्स्ना, काकांनी स्वतः येऊन सांगितलं गं! आपल्याकडे संपणार फेरी!" आई रडत होती आणि करंज्या लाटत होती.

रडणारच. पावसाळ्यापासून आमचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. माझा भाऊ लखन द्वारका नाक्यावरून ट्रक भरून न्यायचा, आता कॉटवर असतो. एड्स. वस्ती हा शब्द उच्चारत नाही, "लखनचं ते" म्हणते. सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी चर्चच्या हॉलमध्ये येऊन समजावलं होतं की शिवल्यानं, मुका घेतल्यानं हा रोग होत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या!

आईनं चर्चमधून मोठं पातेलं आणलं. पुलाव टाकला. लखननं दाढी करून मागितली.

"मला बसवा. पडून नाही घेणार मी मुका. पाव्हणे येणारेत."

मधली घरं

टोपली माझ्याकडे. गाणं, मुका, केक. गाणं, मुका, चिवडा. सर्दी झालेल्या पोरांचा मुका. तोंडात तंबाखू असलेल्या भिमाजींचा मुका. बाळाच्या पायाचा रंग उडून प्लास्टर दिसतंय, त्याच पायाला सगळे. कुणी पुसला नाही.

मागून भाग्यश्रीवहिनी म्हणाल्या, "काका, पुढच्या वर्षी आमच्याकडे संपवा की फेरी."

"अहो, मान कसला!" काका हळू बोलले, पण मी दोनच पावलं पुढे होते. "लखननं मुका घेतल्यावर तो पाय कुणापुढे धरणार? म्हणून त्याचं घर शेवटी. तसं आपण रस्त्यावरूनच गाऊ, मूर्ती खिडकीतून दाखवू. पण त्यानं हट्ट केलाच, तर रात्री चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेआधी डेटॉलनं पुसता येईल. बाटली आणलीय."

"आणि जेवण?"

"तिथलं कोण जेवतंय!"

सगळे हसले. नंतर गाणं सुरू झालं, इम्मानुएलचं. इम्मानुएल, म्हणजे आम्हांबरोबर देव. दर नाताळला फादर अर्थ सांगतात, दर नाताळला आम्ही माना हलवतो. आम्हां म्हणजे कोण? कमिटीनं ठरवलेले?

शेवटचं घर

फाटकाबाहेर गाणं. दोनच कडवी.

आई दारात, हातात करंज्यांचं ताट. "या ना आत. या. सगळं गरम आहे."

"उशीर झालाय, भागीबाई," काका आईला म्हणाले. "आणि ते पातेलं राहू दे तुमच्याकडेच."

आईचा चेहरा मी पाहिला. तिला आत्ता कळलं, पातेल्यावरून.

मी फाटक ढकललं.

"ज्योत्स्ना! खिडकीतून!"

मी दारातून गेले. लखन भिंतीला टेकून बसला होता, दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. त्यानं सगळं ऐकलं होतं. "नको ताई. त्यांना नंतर घ्यायचाय."

"घे," मी म्हणाले आणि टोपली त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं मुका घेतला. बराच वेळ ओठ उचललेच नाहीत त्यानं.

"आण बाळाला बाहेर," काका फाटकातून ओरडले. हातात बाटली. "मिस्सा आहे. गव्हाण रिकामी आहे चर्चमधली!"

"राहू दे रिकामी. बाळ इथं आहे. पाहिजे असेल तर आत या. चपला काढा, जेवा, मग न्या."

"अगं, फादरांना काय सांगू मी?"

"पत्ता सांगा."

आईनं ताट खाली ठेवलं, सतरंजी काढली आणि अंथरत गेली, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत.