गुडघ्याचा साचा

बायको गेली तेव्हा तिचे कपडे लेकीने आवरले आणि चपला मी कोणाला तरी देऊन टाकल्या. शेकायची पिशवी मात्र मी माझ्या हत्यारांच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून ठेवली. मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. त्या पेटीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, कारण लावला तर हाताला दोन दिवस तेलाचा वास येतो.

ही पिशवी लेकीने आणली होती. लेक शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे ती कुठलीही वस्तू नुसती देत नाही, धडा घेऊन देते. जाड पारदर्शक प्लॅस्टिक, आत पाण्यासारखा द्रव आणि त्यात पत्र्याची एक टिकली. टिकली दाबली की तिथून पांढरं काहीतरी फुटतं आणि बघता बघता अख्खी पिशवी गोठते. गंमत अशी की गोठताना ती गार होत नाही, गरम होते. काम झालं की ती दगडासारखी घट्ट राहते. पुन्हा वापरायची तर पाण्यात उकळायची, मग ती वितळते आणि तयार होते.

आत सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ असतं. लेकीने सांगितलं की त्यात चार मूलद्रव्यं आहेत. सोडियम पाण्यात पडला तर पेट घेतो, कार्बन म्हणजे कोळशातला, हायड्रोजनला ठिणगी पुरते आणि ऑक्सिजन बाकीच्यांना चेतवतो. असे चौघे एका संयुगात आले की निमूट बसून म्हातारीचा गुडघा शेकतात. बायको म्हणाली, "म्हणजे माझं माहेरच." उकळताना आपण जी उष्णता देतो ती हे मीठ पोटात धरून ठेवतं आणि टिकली दाबली की परत करतं, हेही लेकीने सांगितलं. त्यावर बायकोने माझ्याकडे बघून विचारलं की माणसात अशी टिकली कुठे असते.

तर ती गेली त्या सकाळी ही पिशवी तिच्या उशाशी होती. घट्ट, गार आणि मध्ये खोलगट. रोज संध्याकाळी गुडघ्यावर ठेवून ती बसायची आणि पिशवी गुडघ्याच्या आकारात गोठायची. तिचे फोटो घरात आहेत, पण फोटोला खोली नसते. मी त्या खळग्यात तळवा ठेवायचो. उकळली की साचा गेला, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून पेटी.

मग माझी धाकटी मेहुणी राहायला आली. माझ्यावर लक्ष ठेवायला आली होती, पण बसमध्ये वाकडी झोपली आणि मान धरली. दारात उभी राहिली तीच उजवीकडे बघत. मी डावीकडे होतो. बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, ताईची ती गरम होणारी पिशवी कुठे आहे.

मी म्हटलं, फुटली.

तिने रबरी पिशवी मागितली, ती गळत होती. मीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधून दिलं, तर म्हणाली, ह्याने फक्त फडकं शेकलं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन नवी आणायला निघाली. पण मान वळत नसताना रस्ता ओलांडणार कशी? मी तिला बसवलं आणि म्हटलं, नवी मी घरी करून देतो. मला दुकानात जाता आलं असतं हे तेव्हा सुचलंच नाही. तुटलेला भाग विकत आणण्याआधी घासून बनतो का ते बघायचं, ही आमच्या धंद्यातली खोड.

लेकीला फोन केला. ती आधी खूश झाली की बाबांना विज्ञानात रस आला. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा थोडा थोडा घाला, म्हणाली. मी डबाच उपडा केला. फेस पातेल्याबाहेर आला, ओट्यावरून उतरला आणि माझ्या पायापर्यंत पोचला. मेहुणी खुर्चीत उजवीकडे तोंड करून बसली होती, तिला काही दिसत नव्हतं. ती सारखी विचारत होती, कसला आवाज येतोय. मी म्हटलं, कार्बन डायऑक्साइड.

फेस बसला. पातेल्याला हात लावला तर ते बर्फासारखं गार. गरम करणारी वस्तू करायला निघालो आणि भांडंच गारठलं. मी पुन्हा फोन केला. लेक म्हणाली, बरोबर आहे, ही क्रिया उष्णता बाहेर टाकत नाही, आजूबाजूची ओढून घेते. मेहुणीने ते ऐकलं आणि म्हणाली, "मग हे ताईच्या सासूबाईंसारखं झालं. आल्या की खोली गार." त्या माझ्या आई. पण मी वाद घातला नाही, कारण खोटं नव्हतं.

नंतर ते पाणी आटवायचं होतं. दुपारभर आटवलं. घरभर असा वास सुटला की शेजारीण खिडकीतून डोकावली आणि न विचारताच गेली. वर पातळ साय धरली तेव्हा गॅस बंद केला, ते जाड पिशवीत भरलं आणि गार होऊ दिलं. टिकली कुठून आणणार? पातेल्याच्या कडेला पांढरी खरड होती, तिची चिमूट आत टाकली की काम होईल, असं लेक म्हणाली. टाकली. आणि खरोखर, त्या चिमटीभोवती पांढऱ्या सुया धावल्या, पिशवी गोठली, हाताला चटका बसला. मला इतका आनंद झाला की मी तोंड बांधायचं विसरलो आणि पिशवी तशीच मेहुणीच्या मानेवर ठेवली.

जे गोठलं नव्हतं ते तिच्या पाठीवरून खाली गेलं.

कपडे बदलून ती आली आणि माझ्यासमोर बसली, म्हणजे भिंतीसमोर. "भाऊजी," ती म्हणाली, "पिशवी फुटली असती तर तुम्ही ती चिकटवली असती. तुम्ही काही टाकत नाही. कुठे आहे?"

मग मी पेटी उघडली. सांगताना वाटलं तितकं कठीण गेलं नाही, ती भिंतीकडे बघत होती म्हणून असेल. तुझ्या ताईच्या गुडघ्याचा आकार आहे, म्हटलं. दुसरीकडे कुठे नाही. उकळू नकोस.

तिने पिशवी हातात घेतली. बराच वेळ खळग्यावरून बोट फिरवत राहिली. मग ती पिशवी सरळ स्वतःच्या गुडघ्यावर ठेवली. डब्यावर झाकण बसावं तशी बसली. कुठे फट नाही.

"भाऊजी, हा माझा आहे."

बायको गेली त्याच्या आदल्या दुपारी मेहुणी आली होती, मी बाहेर होतो. जिना चढून तिचा गुडघा भरला होता. ताईने टिकली दाबून पिशवी तिच्या गुडघ्यावर ठेवली आणि दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कोण कशाला सांगेल?

इतके महिने मी मेहुणीच्या गुडघ्यावर हात ठेवून डोळे पुसत होतो. तिच्याही तेच मनात आलं असणार, कारण तिने ओठ गच्च मिटले आणि खांदे हलायला लागले. हसली की मान दुखायची, मग ती कळवळायची आणि त्यावर आणखी हसायची. शेवटी मीही हसलो. घरात मी मोठ्याने हसल्याला बरेच दिवस झाले होते, आवाज मलाच ओळखीचा वाटेना.

हसणं थांबल्यावर खळगा तसाच होता, पण त्यात ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी विचारलं, त्या दिवशी ती काय बोलली.

मेहुणीने डोळे पुसले. "म्हणाली, आता ही पिशवी परत उकळायला हवी. पण ते घरी यायच्या वेळेला नको. फडक्यात गुंडाळून उकळ, भांड्याला टेकू देऊ नकोस, असं भाषण देतील. उद्या सकाळी ते गेले की गुपचूप उकळते."

भाषण मी दिलं असतं. टेकली तर प्लॅस्टिक वितळतं.

"अजून काय म्हणाली?"

"खूप काही. तुमच्याबद्दलच होतं बरंचसं. पण आधी माझी मान, भाऊजी."

मी पातेलं घासून काढलं, पाणी भरलं, तळाशी फडकं अंथरलं आणि पिशवी त्यावर ठेवली. मेहुणीने खुर्ची ओट्याजवळ ओढली. पिशवी पूर्ण वितळेपर्यंत सांगते, म्हणाली, आणि तिने सुरुवात केली.

मी गॅस बारीक केला.