परवाना परत आला, मी मात्र उभीच

मित्रांनो, शेडच्या भिंतीला लागून, बोनेटपर्यंत बर्फात बुडालेली जी निळी पिकअप गाडी दिसते, ती मी. आता म्हातारी झाले आहे. उजव्या दाराला गंज चढला आहे आणि मागच्या हौद्यात गेल्या वर्षीचं गवत कुजतं आहे. इंजिन मात्र अजून ठणठणीत आहे. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. मोडलेल्या गाडीला नुसतं उभं राहण्याचं दुःख होत नसावं.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीवर चढवून मला इकडे, नॉर्थ डकोटाच्या सपाट मुलखात आणलं. आर्विड क्वामे नावाच्या उंच, लाजऱ्या शेतकऱ्याने मला पसंत केलं. शेजारी त्याची बायको वर्ना होती. तिने माझ्या टायरला हळूच लाथ मारून पाहिलं आणि म्हणाली, "ही चालेल. तुझ्यासारखीच आहे, दणकट आणि कमी बोलणारी."

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. मी गुरांचा चारा वाहिला, कुंपणाचे खांब वाहिले, शुगरबीटच्या हंगामात चिखल तुडवला. एकदा मार्चच्या हिमवादळात एक वासरू कुरणातच जन्मलं. आर्विडने ते ओलं, थरथरणारं पोर उचलून थेट माझ्या सीटवर, वर्नाच्या मांडीवर ठेवलं. मी हीटरची सगळी ऊब त्याच्यावर सोडली. ते उठून वर्नाची बाही चोखू लागलं, तेव्हा दोघं इतकी हसली की माझ्या काचांवर वाफ धरली. आर्विड चारचौघांत माझं कौतुक करायचा, "बाकीच्यांच्या गाड्या गोठून बसतात, माझी पहिल्या झटक्यात उठते!"

पुढे वर्नाची मूत्रपिंडं निकामी झाली. गुरं विकली गेली. आठवड्यातून तीन दिवस तिला शहरात डायलिसिसला न्यायचं, एवढंच माझं काम उरलं. इथे बस नाही, रिक्षा नाही. शेजाऱ्याचं घर नुसतं दिसतं, हिवाळ्यात तिथवर चालत जाता येत नाही. इथे गाडी म्हणजेच माणसाचे पाय.

ती चार तास यंत्राला जोडलेली असायची. आर्विड सुरुवातीला तिच्याजवळ बसायचा. मग नळ्यांमधून फिरणारं तिचं रक्त त्याला बघवेना. तो माझ्यात येऊन बसू लागला. आणि मग थंडी वाजते म्हणून रस्त्यापलीकडच्या बारमध्ये.

परतताना माझ्या आत बिअरचा वास कोंडायचा. वर्नाचा उजवा हात घर येईपर्यंत दाराच्या मुठीवर घट्ट असायचा. मला तो कळायचा. आर्विडला कळत होता की नाही, कोण जाणे.

जानेवारीतल्या एका दुपारी तो बारमधून उशिरा निघाला. पोस्टाच्या कोपऱ्यावरची थांबण्याची पाटी त्याला दिसलीच नाही. मी सरळ बर्फाच्या ढिगाऱ्यात घुसले. मागून पोलिसांची गाडी आली. कोडी नावाचा तरुण पोलीस उतरला. तो आमच्याच भागातला, ओळखीचा.

"आर्विड, खाली उतरा बरं."

"अरे, रस्ता निसरडा आहे रे."

"रस्ता निसरडा आहे हे खरंच. पण तुमच्या तोंडाला वास कसला येतोय?"

"मला बायकोला आणायचंय, कोडी. ती वाट बघत असेल."

"माहितीये मला. म्हणूनच म्हणतो, उतरा."

त्याला ठाण्यावर नेलं, दारू मोजणाऱ्या यंत्रात फुंकायला लावलं. मला साखळीने ओढून आवारात टाकलं. तिकडे डायलिसिसच्या दारात वर्ना कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दिवे लागले, सफाई झाली, तरी बसलीच होती. शेवटी एका नर्सने तिला घरी सोडलं. हे मला पुढे तिच्याच तोंडून कळलं.

दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला कोर्टात चालायचा तेव्हा चालणार होता, पण परवाना खात्याकडून परवाना त्याआधीच निलंबित होणार होता. त्याविरुद्ध दाद मागायची तर लगेच सुनावणी मागावी लागते. आर्विडने होल्टे नावाचा वकील गाठला. भेटेल त्याला सांगू लागला, "माझ्यासाठी नाही हो, वर्नासाठी लढतोय. तिला कोण नेणार?" निकाल लागेपर्यंत त्याला गाडी चालवायला तात्पुरता कागद मिळाला होता. त्या दिवसांत त्याने दारूच्या थेंबालाही हात लावला नाही.

सुनावणी फोनवर होती. घरात फोन नीट लागत नाही, म्हणून आर्विड मला शेडजवळच्या उंचवट्यावर घेऊन आला. वर्नाही येऊन बसली. फोन माझ्या डॅशबोर्डवर ठेवला. परवाना खात्यातर्फे सुनावणी घेणाऱ्या बाईंचा आवाज शांत होता.

होल्टे म्हणाला, "मॅडम, माझ्या अशिलाची पत्नी आजारी आहे. परवाना गेला तर..."

"मला वाईट वाटतं," बाई म्हणाल्या, "पण तो मुद्दा मला इथे विचारात घेता येत नाही. पुढे चला."

मग होल्टेने कोडीला विचारलं, "यंत्रात फुंकायला लावण्याआधी काही वेळ माणसावर सतत नजर ठेवायची असते ना?"

"हो सर."

"ठेवलीत?"

"मध्येच बाहेर गेलो होतो. दुसरी एक गाडी घसरली होती. ती ढकलायला गेलो."

"म्हणजे नजर नव्हती."

"नव्हती सर."

आर्विडने मूठ आवळून गुडघ्यावर मारली. वर्ना समोरच्या पांढऱ्या शेताकडे बघत राहिली.

काही दिवसांनी होल्टेचा फोन आला. नजर नव्हती म्हणून यंत्राची तपासणी बाद, निलंबन रद्द! आर्विडने माझा हॉर्न असा वाजवला की शेडवरची कबुतरं उडाली. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. त्याने सकाळीच उठून माझ्या काचा खरवडल्या, हीटर लावला आणि मला थेट पायरीशी आणून उभं केलं.

तेवढ्यात फाटकातून शेजारच्या मार्लिसची छोटी लाल गाडी आत आली. वर्ना काठी टेकत बाहेर पडली आणि माझ्यासमोरून त्या गाडीकडे निघाली.

"वर्ना! अगं, इकडे. परवाना मिळाला ना आपल्याला."

ती थांबली. "तुला मिळाला. चांगलं झालं."

"मग?"

"पोलिसाची नजर होती का, एवढंच त्यांनी विचारलं. तू प्यायला होतास का, हे कुणी विचारलंच नाही."

"मी तुझ्यासाठी लढलो गं!"

"माझ्यासाठी?" ती शांतपणे म्हणाली. "मग त्या दिवशी माझ्यासाठी कॉफी प्यायची होतीस. मी त्या दारात बसून होते, आर्विड. वाटलं, तू मेलास. नंतर कळलं की पोलिसांनी धरलंय. आणि खरं सांगू? पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, की आता मला त्या गाडीत बसायला लागणार नाही."

लाल गाडी गेली. आर्विड माझ्यात येऊन बसला. माझं इंजिन चालू होतं, हीटर चालू होता, आणि शेजारची सीट रिकामी. बऱ्याच वेळाने त्याने किल्ली फिरवून मला बंद केलं. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर होते, पण त्याला रडताना त्या दिवशीच पाहिलं.

पुढच्या खेपेला मार्लिस आली तेव्हा तो टोपी हातात घेऊन तिच्या काचेशी गेला. "मागे जागा आहे का?"

मार्लिसने वर्नाकडे पाहिलं. वर्ना म्हणाली, "बसायचं तर चार तास माझ्याजवळ बसावं लागेल. बाहेर नाही."

"बसेन."

एवढा धिप्पाड माणूस त्या इवल्याशा गाडीत, गुडघे हनुवटीला लावून बसला. तेव्हापासून तो तसाच जातो. कोर्टातही त्याने आपणहून गुन्हा कबूल केला आणि पुन्हा परवाना गमावला. या वेळी त्याने दाद मागितली नाही.

मी तेव्हापासून इथेच उभी आहे. आर्विड अधूनमधून येतो, टपावरचा बर्फ झाडतो, जरा वेळ हात ठेवतो आणि जातो. लाल गाडी परतली की मी तिच्या काचांकडे बघते. कधीकधी मागच्या सीटवर दोघं असतात, आणि काचांवर वाफ असते. मला एकटं वाटतं, हे खोटं कशाला बोलू? पण त्या दोघांना पुन्हा माझ्यात बसवा, असंही मी कधी म्हणणार नाही.

मित्रांनो, गाड्यांना तेल घाला, पुसा, गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक ऐका. चाकामागे कोण बसावं, हे आम्हाला ठरवता येत नाही. ज्याने किल्ली फिरवली त्याच्यासाठी आम्ही उठतो आणि तो नेईल तिकडे जातो. बारमधून परतण्याच्या त्या सगळ्या दुपारींमध्ये मला एकदा तरी बंद पडायचं होतं. मला ते जमलं नाही. तुमच्या हातात किल्ली असेल, तर ती खिशातच ठेवणं तुम्हाला जमेल.