फोनवरचा अर्ज

साथीत शाळा बंद पडली आणि माझा वर्ग आईच्या फोनवर भरू लागला. नेटचा पॅक दुपारपर्यंतही टिकेना. मग कळलं, विद्यार्थ्यांच्या घरी एक कंपनी निम्म्या दरात नेट देतेय. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांच्यासाठी सवलत, आणि अर्ज फक्त वेबसाइटवर. कुणाचं डोकं चाललं होतं देव जाणे. आमच्या फोनवर ते पान उघडायचंच नाही.

आई शिवणकाम करते. तिने कंपनीला फोन लावला, स्पीकरवर टाकून मशीनशेजारी ठेवला आणि मास्क शिवायला बसली. तिकडून नुसतं संगीत वाजत राहिलं. सतराव्या मास्कला एक मुलगी बोलली, “मॅडम, अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो.”

“अगं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुझ्यासमोर कॉम्प्युटर आहे ना? मी सांगते, तू भर.”

“तसा नियम नाही, मॅडम.”

“नियम अंगाला बसत नसेल तर उसवायचा. मी रोज उसवते. घे, नाव लिही.”

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली.

चौथ्या दिवशी आमच्याकडे नेट आलं. पुढच्या आठवड्यात आईने त्याच नंबरवर इमारतीतल्या नऊ घरांचे अर्ज भरून घेतले.

महिन्याभराने कंपनीच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढली: ‘अर्ज फोनवरही भरून मिळेल.’ मी ती आईला वाचून दाखवली.

तिने दाताने दोरा तोडला. “ही शिलाई माझी आहे,” म्हणाली.