कसीदीच्या अकरा गाई

कसीदीचा हिशेब सरळ होता. वरच्या वाडीतल्या अकरा दुभत्या गाई, दर गाईला तीस लाख रुपिया. बाजारात तीच गाय नव्वदला जाते. म्हणजे गाईमागे साठ लाख, तेही शेणात पाय न घालता, खाली मैदानातल्या छावणीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. मेरापी ज्वालामुखीचा धूर जितका काळा, तितका भाव खाली.

आम्ही सगळे त्याच छावणीत होतो. भातात राख, अंथरुणात राख, बोलायला तोंड उघडावं तर दातांखाली कचकच. ट्रक आले ते माणसांपुरते. गाई वर गोठ्यातच राहिल्या. पहिला सुकिरान कबूल झाला. मेल्यावर शून्य मिळण्यापेक्षा तीस बरे, म्हणाला, आणि कागदावर अंगठा उठवला. त्याच्यामागे आणखी आठ जणांनी उठवला, त्यांतल्या दोघांच्या दोन-दोन गाई.

"कसीदीदादा," सुकिरानची बायको वार्सिनेम म्हणाली, "गाई घेतल्यास, पण त्यांना वैरण कोण घालणार? तुझी सासू?"

छावणी बऱ्याच दिवसांनी हसली. कसीदीही हसला, त्याला परवडत होतं.

"डोंगर निवेपर्यंत माणूस लावतो. रोजचे पन्नास हजार. कोण येतं?"

सुकिरानने हात वर केला.

"विकलेली गाय पोसायला पगार!" शेजारचा पोनिजान ओरडला. "नशीब काढलंस लेका!"

"विकलीय हे तिला कुठे ठाऊक आहे?" सुकिरान म्हणाला. "धारेच्या वेळी माझीच वाट बघत असणार."

खरं तर एकट्या सुकिरानला पगार होता, पण जायचे नऊच्या नऊ जण. आपल्या गाईच्या सडाला दुसऱ्याने हात लावायचा म्हणजे काय! पोनिजान तर म्हणायचा, सुकिरानचा हात लागला तर माझी गाय दूध चोरेल. पहाटे शिपायांचा डोळा चुकवून, विळे घेऊन ही मंडळी वर चढायची.

भीती नव्हती, त्याला कारण होतं. डोंगराला आम्ही आजोबा म्हणतो. आमची वाडी पूर्वेला, आजोबांच्या दारात. दरवर्षी भात आणि फुलं आम्हीच वाहतो. आजोबा थुंकतात ते पश्चिमेला. स्वतःचं अंगण कोण घाण करतं?

पाचव्या दिवशी कर्ण्यावरून सांगत होते की विवराची पूर्वेकडची कड ढासळली आहे, कोणीही वर जाऊ नये.

"सारीचे बाबा, ऐकलंत ना?" वार्सिनेमने नवऱ्याची बाही धरली. "आज नका जाऊ. पन्नास हजार गेले चुलीत."

"ते यंत्रं बघतात. मी जन्मापासून आजोबांना बघतोय. बघ, शिखर कसं स्वच्छ दिसतंय. पोट मोकळं झालंय त्यांचं." मग हळूच म्हणाला, "पन्नास हजार नसते तरी गेलो असतो. कसीदीला बोलू नकोस, मजुरी कापेल."

तिने बाही सोडली. नऊपर्यंत येतो म्हणाला होता.

आठ वाजता गरम ढग पूर्वेच्या ओढ्याने खाली आला. आवाज नंतर आला. छावणीत भर सकाळी दिवे लावावे लागले. वार्सिनेम वाटेवर जाऊन उभी राहिली, शिपायांनी तिला दोनदा उचलून आणलं.

तिसऱ्या दिवशी वर जाता आलं. झाडं सगळी एकाच दिशेला आडवी. सुकिरान उकिडवा बसलेला सापडला, कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं. बादलीतलं दूध आटून तळाला काळी खरपुडी धरली होती.

पुढे मदतीचं टेबल लागलं. मेलेल्या दुभत्या गाईचे ऐंशी लाख, मालकाला. कसीदीने अकरा कागद मांडले आणि टेबलापाशी रडला. थोडं खरंही असेल. बंदी असताना आपणहून वर गेलेल्या माणसांसाठी रकाना नव्हता.

तो वार्सिनेमकडे चार दिवसांची मजुरी घेऊन आला.

"पाचवा दिवस?" तिने विचारलं.

"अगं, त्या दिवशी काम पुरं..."

"धार काढत होते ते."

कसीदीने खाली बघत आणखी पन्नास हजार काढले. तिने मोजून घेतले.

सुकिरानच्या सातव्या दिवसाच्या जेवणावळीत ते संपले. कसीदीला गाईमागे पन्नास लाख सुटले, धरले होते त्याहून दहा कमी, आणि हे तो अजून सांगतो. वाडीतली माणसं गेली नऊ. सगळी गाईंपायी गेली, आणि एकाच्याही नावावर गाय नव्हती.