ताईने जोडलेला पीसी

"भिंतीवरचं बटण कोणी बंद केलं?" अनुजाने विचारलं.

आकांक्षाने नवऱ्याकडे पाहिलं आणि मयूरने खिडकीकडे. म्हणजे मिळालंच उत्तर. काल संध्याकाळी कॉम्प्युटर आपणहून अपडेट व्हायला बसला होता. पडद्यावर चांगलं ठसठशीत लिहून आलं होतं की बंद करू नका. आकडा सत्तावीस टक्क्यांवर अडकलेला, आणि या राजेसाहेबांनी बाहेर जाताना खट्‌कन बटण दाबून टाकलं. परबांच्या घरची ही जुनीच रीत. गिरणी बंद पडली तेव्हा बाबांनी घालून दिलेली. घर सोडायचं तर सगळी बटणं खाली, कधीकधी फ्रिजचंसुद्धा. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण लालबागच्या या खोलीत अजून त्यांचाच हुकूम चालतो. सकाळपासून मशीन सुरू व्हायचं, पडद्यावर गोल फिरत राहायचं, काळं पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. जवळजवळ पंचवीस वेळा चालू-बंद करून झाल्यावर भावाला बहीण आठवली.

आठवण्यासारखीच होती ती. अनुजा दादरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बावीस वर्षं काढतेय. काउंटरवर बाईमाणूस बघून गिऱ्हाइकं अजूनही विचारतात, बनवणारा कुठे गेलाय? ती म्हणते, समोर उभा आहे, बोला. हा पीसीसुद्धा तिनेच जोडलेला. आकांक्षा घरून डेटा एंट्रीची कामं करते, तिच्यासाठी. एकेक सुटा भाग पारखून आणला आणि याच टेबलावर दोन रविवार बसून उभा केला. चाळीत कुणी विचारलं तर आकांक्षा सांगते, आमच्या ताईंच्या हातचा आहे. हेही खरं, उगाच कशाला नाकारा.

पण आज सकाळी मयूरचा फोन वाजला तेव्हा अनुजाला वाटलं होतं, आला बाई एकदाचा! गेले आठ महिने ती त्या फोनची वाट बघत होती. चाळ पाडून टॉवर होणार, खोली बाबांच्या नावावर, आई त्यांच्याही आधी गेलेली, तेव्हा वारसांचे कागद लागणार हे तिला काय ठाऊक नव्हतं? बहिणीने हक्कसोडपत्र लिहून द्यायचं, भावाने साडी नेसवायची, घरोघर असंच चालतं. तिलाही खोलीतलं काही नको होतं. शिवडीचं घर तिला पुरे होतं. हसत सही करीन, असं ती नवऱ्याला कितीदा बोलली होती. फक्त मयूरने यावं, घोटभर चहा घ्यावा आणि म्हणावं, ताई, तुझी सही हवी. बाबांच्या खोलीवर आपलाही हक्क होता, एवढं कुणीतरी तोंडाने म्हणावं, मग तो सोडायला तिची काही हरकत नव्हती. कसलं काय! फोनवर मयूर म्हणाला, "ताई, पीसी मेलाय. आज चारच्या आत कागद द्यायचेत बिल्डरच्या ऑफिसात. येतेस का लगेच?"

कुठले कागद, ते तिने विचारलं नाही. तिथे गेल्यावर मयूर सहीचं विचारेल, असं तिला वाटलं. म्हणून तर ती दुकानातून अर्धी सुट्टी टाकून आली होती.

तिने बाजूचं पत्र्याचं झाकण उतरवलं. धूळ झाडली, मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढून बघितली, मग दुसरी. बोर्डावरचा बटणाएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवला. फरक शून्य. म्हणजे अंगाला काही झालेलं नाही, बिघाड त्या अर्धवट अपडेटचा. तिने पेनड्राइव्ह लावून मशीन त्याच्यावरून उठवलं आणि अपडेट काढून टाकायला सांगितलं. मशीनने साफ नकार दिला. दुसऱ्यांदाही नकार. आकांक्षा मागे उभी राहून घड्याळ बघत होती. एकदा तिने, ताई, नवीनच घेऊन टाकू का, असंही म्हणून घेतलं. अनुजाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या खेपेला तिने काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा टाइप करून ते अर्धवट लचांड उपटायला लावलं आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसली. अशा वेळी गप्प बसता येणं हीच निम्मी दुरुस्ती. मयूर गॅलरीत फोनवर होता. बिल्डरच्या एजंटला सांगत होता की होतंय, होतंय, आमची ताई बसलीय ना.

चाळीस मिनिटांनी पडदा उजळला. आईबाबांचा फोटो आला, त्यावर आकांक्षाच्या फायली आल्या. आकांक्षाने देवाला हात जोडले आणि चहा टाकायला आत वळली.

मशीन मात्र प्रिंटरला ओळखत नव्हतं. अनुजाने तो नव्याने जोडून दिला. जोडताक्षणी तो खडखडला आणि आपणहून कागद बाहेर टाकायला लागला. काल बटण बंद झालं तेव्हा रांगेत अडकून राहिलेलं छापायचं काम आता सुटलं होतं. शाई नीट उमटतेय का हे बघायला तिने पहिला कागद उचलला. बावीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही.

शाई छान उमटली होती. 'कै. गणपत सखाराम परब यांचा मी एकुलता एक मुलगा व एकमेव वारस असून, माझ्याव्यतिरिक्त त्यांना अन्य अपत्य नाही.'

तिने ते पुन्हा वाचलं. अन्य अपत्य नाही. बाबा परळच्या इस्पितळात होते तेव्हा सव्वा महिना त्यांना कुणी भरवलं, मग? सही मागितली असती तर दिली असती रे, मेल्या! एका सहीसाठी तू मला जन्मालाच घातलं नाहीस? तिचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती प्रिंटरवर वाकून राहिली. तिन्ही कागद निघाले तसे तिने उलटे करून टेबलावर रचले.

मयूर आत आला तो खुशीतच. त्याने कागद उचलले, वरचे दोन हळूच मागे सारले आणि तिसरा तिच्यासमोर ठेवला. शेजारचे जयवंतकाका साक्षीदार म्हणून सही करणार होते, पण ते अचानक गावी गेले, आता या वेळेला कुणाला शोधणार, असं तो बोलत होता. बोलताना तिच्याकडे बघत नव्हता.

"फॉर्मॅलिटी आहे गं नुसती. तुझं आडनाव वेगळं आहे, चालतं. इथे सही कर आणि खाली पूर्ण नाव लिही."

आकांक्षा चहाचे कप घेऊन दारात थबकली. कागदात काय आहे ते तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडावरच दिसत होतं.

अनुजाने पेन घेतलं. सही केली आणि खाली सावकाश, शाळेत पाटीवर लिहावं तसं, पूर्ण नाव लिहिलं. अनुजा गणपत परब.

मयूरने ते वाचलं. त्याचा चेहरा पडला. "ताई," तो म्हणाला.

"दुसरी प्रत लागली तर काढ," ती म्हणाली. "मशीन चालू करून दिलंय मी."

चहा तिने घेतला नाही. बाहेर येऊन चपला पायात सरकवल्या आणि उगाच खाली वाकून पट्टा नीट करत राहिली. आता येईल, मागून हाक मारेल, निदान आकांक्षा तरी मारेल. आत प्रिंटर खडखडायला लागला.