ट्रॉफीमागचा दात

मित्रांनो, कपाटात पुढे ती काचेची चकचकीत ट्रॉफी दिसते आहे ना, तिच्यावरून जरा नजर हटवा. तिच्या मागे, कोपऱ्यात, मी आहे. मी एक जुना देवमाशाचा दात आहे. आमच्या फिजीत मला तांबुआ म्हणतात. लंबासा शहरातल्या एका लाकूड कंपनीच्या कचेरीत माझा मुक्काम असतो. इथे येणारा प्रत्येक पाहुणा तिचेच कौतुक करतो आणि माझा नुसता जळफळाट होतो. तुमच्यापासून काय लपवू?

माझा जन्म समुद्रातला. एक म्हातारा देवमासा किनाऱ्याला लागला, तेव्हा एका कारागिराने मला घासून गुळगुळीत केले, दोन्ही टोकांना भोके पाडली आणि त्यांत काथ्याची दोरी ओवली. खोबरेल तेल आणि चुलीचा धूर खाऊन खाऊन माझा रंग मधासारखा झाला. ही ट्रॉफी कुठल्याशा साच्यातून निघाली. हिच्यासारख्या किती जणी असतील कोण जाणे, आणि मिजास मात्र राणीची.

मी लग्ने जमवली आहेत. भावाभावांतली भांडणे मिटवली आहेत. आमच्याकडची रीत अशी, की काही मोठे मागायचे असेल तर मला दोन्ही हातांवर धरून पुढे करतात. समोरच्याने मला घेतले, की मागणे मान्य झाले. मान्य नसेल तर मला परत द्यायचे, त्यात कुणी राग मानत नाही. पण एकदा घेतल्यावर शब्द फिरवायचा नाही. मला सही लागत नाही की शिक्का लागत नाही.

कंपनीने डोंगरातल्या झऱ्याचे पाणी नळाने वाईलेवू गावात आणले, तेव्हाची गोष्ट. उद्घाटनाला कंपनीचे व्यवस्थापक एपारामा आले होते. ते फिजीचेच, पण दुसऱ्या बेटावरचे. गावप्रमुखाच्या वतीने बोलण्याचा मान सेमेसाचा. या दोघांच्या मुलखांत पूर्वापार मेव्हण्यांचे नाते, म्हणजे थट्टेला मुभा. सेमेसाने मला पुढे केले.

"मेव्हणे, नळ दिलात, झकास केलंत," तो म्हणाला. "आता एवढं करा. झऱ्याच्या वरच्या रानाला करवत लावू नका. रान गेलं तर झरा आटेल, आणि मग तुमच्या नळावर आम्ही कपडे वाळत घालू."

सगळे हसले. एपारामांनी मला दोन्ही हातांनी घेतले आणि गावाने रीतीप्रमाणे संथ टाळ्या वाजवल्या. तो माझ्या मानाचा शेवटचा दिवस.

त्याच नळासाठी राजधानी सुवामध्ये कंपनीला ही ट्रॉफी मिळाली. 'सामाजिक जबाबदारी' असे तिच्या अंगावर सोनेरी अक्षरांत कोरले आहे. ती आली आणि माझे दिवस फिरले. मी कचेरीच्या कपाटात आलो होतो, पण पुढची जागा तिला. पाहुण्यांबरोबरचे फोटो तिचे. कचेरीतली वासेवा रोज मऊ फडक्याने तिला पुसायची, मला मात्र तेलाचे बोटही नाही. एका पाहुण्याने तर मला पाहून विचारले, "हे सुकलेलं केळं इथे कशाला ठेवलंय?"

वासेवा म्हणाली, "हळू बोला. त्याला ऐकू येतं."

मला ऐकू आले होते, आणि ट्रॉफी मनातल्या मनात हसली असणार अशी माझी खात्री आहे.

मग एक दिवस सेमेसा कचेरीत आला. टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "मेव्हणे, झऱ्यावरच्या झाडांना तोडणीच्या खुणेचा लाल रंग कुणी फासला? तुमच्या लंबासातल्या भारतीयांची होळी तर अजून लांब आहे."

एपारामांनी मान खाली घातली. "ब्रिस्बेनच्या मुख्य कचेरीतून हुकूम आलाय. तिथलं लाकूड सगळ्यात चांगलं आहे म्हणे."

"आणि तुम्ही घेतलेला दात?"

"तो मी माझ्या हातांनी घेतला होता. कंपनीच्या नव्हे."

"अंगात शर्ट तर कंपनीचा होता. तो उतरवून दात घेतला असतात तर मानलं असतं," सेमेसा म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "आता शब्द पाळा, नाहीतर चला, सगळ्या गावासमोर दात परत करा."

मित्रांनो, ते ऐकून मला आनंद झाला. परत गेलो तर गावात मला तेल मिळेल, आणि या काचेच्या बाईचे तोंड बघावे लागणार नाही. झऱ्याची आठवण मला नंतर झाली. मत्सर मला इतका चढला होता.

थोड्याच दिवसांत कंपनीचे मोठे साहेब, हॅलोरन, ब्रिस्बेनहून आले. एपारामांनी त्यांना सगळे सांगितले.

"एवढंच ना? मग दात देऊन टाका परत," साहेब म्हणाले.

"देतो," एपारामा शांतपणे म्हणाले. "पण मग ट्रॉफीही परत द्यावी लागेल. ती याच झऱ्याच्या पाण्यावर मिळालीय. नळ कोरडे पडले की ती देणारे सुवाचे लोक विचारणारच. त्यांनी नाही विचारलं तर मी सांगेन."

साहेबांनी ट्रॉफी उचलली, तिच्यावरची अक्षरे वाचली आणि पुन्हा जागेवर ठेवली. "ते वरचं रान राहू दे," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही.

माझ्या मनाचे काय झाले असेल? शब्द दिला गेला तो माझ्यापुढे. त्या शब्दासाठी एपारामांनी नोकरी पणाला लावली. आणि साहेब बधले ते कुणासाठी, तर हिच्यासाठी. आजही ते आठवले की माझ्या अंगाची आग होते.

एपारामांची लांबच्या बेटावर बदली झाली. निरोपाला आलेला सेमेसा म्हणाला, "दात घेऊन जा मेव्हणे, तो तुमचाच आहे." एपारामांनी मला तळहातावर घेतले. सुटलो, असे मला वाटले. पण त्यांनी मला परत कपाटात ठेवले. "हा माझ्याबरोबर आला, तर शब्दही माझ्याबरोबर गेला म्हणतील," ते म्हणाले. "याला इथेच राहू दे."

म्हणून मी अजून इथे आहे. नव्या व्यवस्थापकांनी मला कधी हात लावलेला नाही. यंदा कंपनीला कुठल्याशा दुसऱ्या कामासाठी नवी ट्रॉफी मिळणार आहे. मग ही जुनी खोक्यात जाईल. ज्या दिवसाची मी इतकी वाट पाहिली, तो आता जवळ आला, तर मलाच भीती वाटू लागली आहे. ती गेल्यावर त्या रानासाठी कंपनीला अडवणारा मी एकटाच उरेन.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे होऊन इथल्या व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसेल. ट्रॉफ्या खुशाल पुढे मांडा. मी जळेन, पण गप्प राहीन. फक्त एकदा मला उचला आणि विचारा, हा दात इथे कशासाठी ठेवला आहे. या कचेरीत ते आता एकट्या वासेवाला ठाऊक आहे. नाताळानंतर ती कामावरून निवृत्त होते आहे, आणि तिला अजून कुणी विचारलेले नाही.