डावीकडची सीट

“मॅडम, हा स्वॅप होत नाहीये. सिस्टम घेतच नाही,” एअरलाइनच्या ड्युट्या लावणाऱ्या रोस्टर विभागातली मुलगी फोनवर म्हणाली.

“परत बघा ना. रविवारची माझी कोचीन फ्लाईट मर्विन घेतोय. आठ वर्षं आम्ही असंच करतो.”

“सरांचं रोस्टर लॉक आहे. सोमवारपासून कमांड ट्रेनिंग ना त्यांचं. काँग्रॅट्स हां, मॅडम!”

हेलनने थँक्यू म्हणून फोन ठेवला. गिरीज गावातल्या घराच्या अंगणात मांडववाले बांबू उतरवत होते आणि तिचा नवरा मर्विन त्यांना कोपरा दाखवत होता. रविवारी त्यांच्या लेकीचं, अमिषाचं, फर्स्ट कम्युनियन होतं, चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी. चर्चमधली मिस्सा सकाळी नऊला. हेलनची फ्लाईट सव्वाआठला.

दोघं एकाच कंपनीत को-पायलट. हुद्दा एकच असल्यामुळे एकाची फ्लाईट दुसऱ्याला घेता यायची. सगळा संसार त्यावरच उभा होता. एक आकाशात, एक घरी. लग्नाआधी हेलनचे वडील आजारी पडले, तेव्हा मर्विनने न विचारताच तिची गुवाहाटी फ्लाईट घेतली होती आणि त्याच संध्याकाळी तिने मनाशी लग्न ठरवून टाकलं होतं. पण कॅप्टनची ड्युटी को-पायलटला चालत नाही. म्हणून अमिषा दहा वर्षांची होईपर्यंत दोघांनीही कमांड, म्हणजे कॅप्टनपद, घ्यायचं नाही, असं त्यांचं ठरलं होतं. हेलनने दोनदा लेखी नकार दिला होता, दुसऱ्यांदा याच मार्चमध्ये. अमिषा आता आठ वर्षांची होती.

मर्विन पाणी प्यायला आत आला.

“ट्रेनिंगचं कधी सांगणार होतास?”

त्याने ग्लास खाली ठेवला. “कम्युनियन झाल्यावर. तुझा मूड कशाला घालवू म्हटलं.”

“आणि माझी रविवारची फ्लाईट?”

“रोस्टर आजपासूनच लॉक करतील असं वाटलं नव्हतं मला.”

“हो कधी म्हणालास त्यांना?”

“एप्रिलमध्ये.” मर्विन खिडकीकडे बघत बोलला. “माझ्या बॅचचे सगळे कॅप्टन होऊन डावीकडच्या सीटवर बसले, हेलन. परवा मला ज्याने ऑर्डर दिली, त्याला लँडिंग मी शिकवलेलं.”

“माझ्या बॅचचेपण बसले.”

“तुला काय, तू कधीपण घेशील.”

“दोघं कॅप्टन झालो तर अमिषाकडे कोण बघणार?”

“तेच तर. म्हणून तू...” एवढं बोलून तो थांबला. बाहेरून कोणीतरी हाक मारली, तसा निघून गेला.

हेलनने इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी कंपनीला खोटं आजारपण कळवलं नव्हतं. आता तिने फोन हातात घेतला. आधी मुलीला सांगू, मग फोन करू, असं ठरवून ती मागच्या ओट्यावर गेली. अमिषा पांढऱ्या मोज्यांना लेस लावत बसली होती.

“अमू, मी रविवारी येतेय हां. वेदीपर्यंत मी आणि पप्पा तुझ्याबरोबर चालणार.”

अमिषाने मान वर केली. “पण मी चर्चच्या सिस्टरला बरोबर चालायला पप्पा आणि आजी सांगितलं.”

“कधी?”

“केव्हाच. दोघांचीच नावं घेतात. प्रॅक्टिसला पण आजीच येते.”

“मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू हो बोलली असतीस,” अमिषा सुईत दोरा ओवत म्हणाली. “मग तुला जायला लागलं असतं. मग माझ्या एका बाजूला कोणच नसतं. गॅदरिंगला तसंच झालेलं ना?”

आवाजात तक्रार नव्हती. दोरा ओवला गेला, तसा तिने तो आईपुढे धरला. “गाठ मार ना.”

हेलनने गाठ मारली. फोन तिने केला नाही.

रविवारी चार वाजता ती विमानतळावरून थेट मांडवात आली. अंगावर युनिफॉर्म तसाच होता. फोटोवाला निघून गेला होता. अमिषा फ्रॉक गुडघ्यापर्यंत वर धरून मैत्रिणींबरोबर पळत होती.

“आली बघा कॅप्टनची बायको!” मर्विनचे काका इग्नेशियस ग्लास उंचावून ओरडले. “एवढा उशीर करतात काय? सुनेशिवाय पंगत खोळंबलीय!”

लोक हसले. मर्विनही हसला.

सासूबाई रोझलीन रश्श्याचं पातेलं घेऊन वाकून वाढत होत्या. हेलनने बॅग खुर्चीवर ठेवली आणि त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं.

“थांब गं, शर्ट खराब होल,” म्हणत रोझलीनने स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल तिच्या दोन्ही खांद्यांवर पसरला. युनिफॉर्मवरच्या सोनेरी पट्ट्या त्याखाली गेल्या.

“रस्सा वाढू?” हेलनने पहिल्या पाहुण्याला विचारलं.